जॅकी रॉबिन्सन आणि १९४७ चा हंगाम



मुलांना आपण खेळाडूंच्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक पदकांच्या आणि विक्रमांच्या. जॅकी रॉबिन्सनचं नाव त्यात सहसा येत नाही, कारण तो बेसबॉल खेळायचा आणि बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही. पण अमेरिकेत आजही दरवर्षी १५ एप्रिलला मोठ्या लीगचे सगळे खेळाडू पाठीवर एकच नंबर लावून मैदानात उतरतात. तो नंबर म्हणजे ४२. एरवी हा नंबर आता कोणत्याच संघात कुणालाही मिळत नाही. १९४७ साली तो जॅकीच्या पाठीवर होता.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ, नाहीतर पुढचं समजणार नाही. बेसबॉलचं मैदान म्हणजे मधोमध एक चौकोन आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. त्यांना बेस म्हणतात. चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावायचं, मग जमेल तसं दुसऱ्या, तिसऱ्या, आणि शेवटी जिथून निघालो तिथे परत. फेरी पूर्ण झाली की एक रन. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, तयारीत असताना बेसवर उभा असलेला खेळाडू अचानक पळत सुटून पुढचा बेस गाठू शकतो. याला बेस चोरणं म्हणतात, आणि ही चोरी नियमात बसते. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सनचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा. गाव केरो, अमेरिकेच्या दक्षिणेतलं जॉर्जिया राज्य. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याच महिन्यात वारले होते, त्यांच्यावरून मधलं नाव ठेवलं. आजोबा गुलाम होते. आईवडील एका गोऱ्या मळेवाल्याची जमीन बटईने करायचे. पाच भावंडांत जॅकी शेंडेफळ. तो जेमतेम सहा महिन्यांचा असताना वडील घर सोडून गेले. आई मॅली मात्र खमकी बाई. १९२० मध्ये पाचही लेकरांना घेऊन तिने रेल्वे पकडली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी आली. तिथे लोकांच्या घरी धुणंभांडी, साफसफाई करून तिने मुलं वाढवली, आणि पुढे पेपर स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर घरही घेतलं. वस्ती गोऱ्यांची होती. शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावण्याचे बरेच प्रयत्न केले, पण मॅली हलली नाही.

आपल्या प्राथमिकच्या शिक्षकांनी जरा थांबून वाचावा असा एक प्रसंग इथे आहे. आई कामावर गेली की लहानग्या जॅकीला सांभाळायला घरी कुणी नसायचं. मग बहीण विला मे त्याला आपल्याबरोबर शाळेत घेऊन जायची. तो पटावर नव्हता. शाळेने हरकत घेतली तेव्हा मॅलीने बाईंना गळ घातली, की मी काम सोडलं तर आम्हाला सरकारी मदतीवर जगावं लागेल, पोराला निदान अंगणात बसू द्या. बाईंनी ऐकलं. विला मे वर्गात शिकायची आणि जॅकी बाहेर वाळूच्या हौदात दिवसभर खेळायचा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुली आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत येतात. त्या बाईंचं नाव इतिहासात कुणी लक्षात ठेवलेलं नाही.

कॅलिफोर्नियात दक्षिणेसारखे कडक कायदे नव्हते, पण भेदभाव होताच. गावातल्या पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत दुसरा आला. पहिला होता जेसी ओवेन्स, आणि दोघांमध्ये अंतर होतं ०.४ सेकंदाचं. रौप्यपदक घेऊन मॅक घरी आला आणि त्याला काम मिळालं ते गावचे रस्ते झाडण्याचं. तेव्हा जॅकी सतरा वर्षांचा होता. भावाचं पदक आणि भावाचा झाडू, दोन्ही त्याने एकाच घरात बघितलं. पुढे कुणी त्याला कृतज्ञ राहायला सांगितलं की तो चिडायचा, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

जॅकी स्वतः लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला आणि तिथे चार खेळांत विद्यापीठाच्या संघात खेळला : फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ आणि बेसबॉल. असं करणारा तो तिथला पहिला विद्यार्थी. लांब उडीत १९४० मध्ये तो आंतरविद्यापीठ स्पर्धेचा विजेता होता. आणि या चारांपैकी त्याचा सर्वांत कच्चा खेळ होता बेसबॉल! त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात त्याची बॅटिंगची सरासरी ०.०९७ होती, म्हणजे दहा संधींत एकदाही धड नाही. प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांवरून पोरांचं भविष्य सांगणाऱ्यांसाठी हा आकडा देऊन ठेवतो. विद्यापीठातच त्याची रेचल आयझमशी ओळख झाली. ती परिचारिका होण्यासाठी शिकत होती. १९४६ मध्ये त्यांनी लग्न केलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४२ मध्ये जॅकीला सैन्यात बोलावणं आलं. तो सेकंड लेफ्टनंट झाला. ६ जुलै १९४४ ला टेक्सासमधल्या कॅम्प हूड इथे लष्करी बसमध्ये ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो उठला नाही. प्रकरण वाढलं, वरिष्ठांशी वादावादी झाली आणि त्याच्यावर कोर्ट मार्शल बसलं. नऊ अधिकाऱ्यांसमोर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. मुलांना गोष्ट सांगताना हा प्रसंग वगळू नका. पुढच्या सगळ्या भागाचा अर्थ याच्यावर अवलंबून आहे. जॅकी मुळात गप्प बसणारा माणूस नव्हता. अन्याय दिसला की तो जागच्या जागी बोलायचा.

आता त्या काळच्या बेसबॉलकडे वळू. मोठ्या लीगमध्ये १६ संघ होते आणि सगळे खेळाडू गोरे. कृष्णवर्णीयांना मनाई करणारा नियम मात्र पुस्तकात कुठेच नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या पातळीवर खेळला होता. त्यानंतर मालकांनी आपसात समजून घेतलं आणि दारं बंद झाली. लिहिलेला नियम कोर्टात नेता येतो, न लिहिलेल्याचं काय करणार? कृष्णवर्णीयांनी मग आपले वेगळे संघ काढले, वेगळ्या लीग चालवल्या. १९४५ मध्ये जॅकी त्यातल्याच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून महिना ४०० डॉलरवर खेळत होता. रात्र रात्र बसचा प्रवास, जेवायला आत घेणारं हॉटेल मिळेल याची खात्री नाही.

ब्रुकलिन डॉजर्स या न्यूयॉर्कमधल्या संघाचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी बघायचे. धार्मिक वृत्तीचे, बोलण्यात पटाईत आणि पैशाला चिकट अशी त्यांची ख्याती. तरुणपणी ते ज्या महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक होते, त्यातल्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला एका हॉटेलने खोली नाकारली होती आणि तो रडला होता. ते दृश्य आपण विसरू शकलो नाही असं रिकी सांगायचे. ते खरं असेलच, पण जिंकायचंही होतं आणि तिकिटंही खपवायची होती. इतके चांगले खेळाडू दाराबाहेर उभे आहेत आणि बाकीचे १५ संघ त्यांच्याकडे बघत नाहीत, हे त्यांच्या व्यवहारी डोक्याने हेरलं होतं. मोनार्क्स संघाला त्यांनी जॅकीच्या बदल्यात एक डॉलरही दिला नाही, हेही नोंदवायला हवं. पुढे चांगले खेळाडू असेच निघून गेले आणि कृष्णवर्णीयांच्या लीग काही वर्षांत मोडकळीला आल्या. त्या उभ्या करणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

२८ ऑगस्ट १९४५ ला रिकी आणि जॅकी ब्रुकलिनच्या कार्यालयात भेटले. भेट सुमारे तीन तास चालली. रिकींनी कोट काढला आणि चक्क नाटक करून दाखवलं. कधी खोली नाकारणारा हॉटेलचा कारकून झाले, कधी ताट न देणारा वेटर, कधी शिव्या देत अंगावर येणारा विरोधी खेळाडू. जॅकीने विचारलं, की तुम्हाला उलट मारायला घाबरणारा खेळाडू हवाय का? रिकींचं म्हणणं होतं, की उलट न मारण्याइतकी छाती असलेला हवाय. एकदा जरी हाणामारी झाली तरी लोक म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो ना, यांना आत घेऊन चालत नाही. आणि दार आणखी वीस वर्षं बंद होईल. जॅकीने अट मान्य केली.

वर्गात ही गोष्ट इथवर आली की चौथीची पोरं हमखास विचारतात, मग त्याने मारलं का नाही? आणि आपण शिक्षक पटकन सांगून मोकळे होतो, की तो सहनशील होता. मला हे उत्तर पटत नाही. सहनशीलता हा त्याचा स्वभाव नव्हता, तो एक करार होता. ठरावीक कामासाठी, ठरावीक काळापुरता, डोळे उघडे ठेवून केलेला.

१९४६ चं वर्ष त्याने डॉजर्सच्या हाताखालच्या माँट्रियल संघात काढलं. सरावासाठी फ्लोरिडात गेला तर तिथल्या एका गावातून रातोरात निघावं लागलं, दुसऱ्या गावात त्याला खेळू द्यायला नको म्हणून मैदानालाच कुलूप लागलं. १८ एप्रिल १९४६ ला पहिला सामना झाला, आणि पहिल्याच सामन्यात त्याने एका होमरनसह चार यशस्वी फटके मारले. माँट्रियल १४-१ ने जिंकलं. कॅनडातल्या त्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं. हंगामाच्या शेवटी ०.३४९ सरासरीने तो त्या लीगचा अव्वल बॅटर ठरला. आता त्याला वर न घेण्याला निमित्त उरलं नव्हतं.

१९४७ च्या वसंतात डॉजर्सचा सराव मुद्दाम क्युबातल्या हवाना शहरात ठेवला गेला, म्हणजे फ्लोरिडाची कटकट नको. पण कटकट संघातच निघाली. काही खेळाडूंनी जॅकीबरोबर खेळणार नाही असा अर्ज फिरवायला सुरुवात केली. लाडका खेळाडू डिक्सी वॉकर याने तर रिकींना पत्र लिहून आपल्याला दुसऱ्या संघात पाठवा अशी विनंती केली. अलाबामात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, गिऱ्हाईक तुटेल ही भीती. पी वी रीस मात्र केंटकीचा, म्हणजे दक्षिणेतलाच, त्याने सही करायला नकार दिला. मॅनेजर लिओ ड्युरोशर यांना पनामाच्या मुक्कामात हे कळलं. त्यांनी मध्यरात्री सगळ्यांना झोपेतून उठवून झाप झाप झापलं. त्यांना वर्णाशी देणंघेणं नव्हतं, जो सामना जिंकून देईल तो खेळेल. अर्ज तिथेच बारगळला. गंमत म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ड्युरोशर यांनाच दुसऱ्या भानगडींवरून वर्षभर निलंबित केलं गेलं, आणि बर्ट शॉटन नावाचे शांत, म्हातारे गृहस्थ मॅनेजर झाले. ते साध्या कपड्यांत बाकावर बसायचे.

मंगळवार, १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड मैदान. समोर बोस्टन ब्रेव्हज. प्रेक्षक २६,६२३, त्यातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. जॅकी तेव्हा २८ वर्षांचा होता, म्हणजे नवखा म्हणून उशीरच झालेला. त्याला एकही फटका साधला नाही. पण सातव्या डावात समोरच्यांच्या चुकीमुळे तो बेसवर पोचला आणि तिथून आघाडीचा रन त्यानेच काढला. डॉजर्स ५-३ ने जिंकले. पगार होता वर्षाला ५,००० डॉलर. मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलच्या एका खोलीत तो, रेचल आणि पाच महिन्यांचा मुलगा राहत होते. बाळाच्या लंगोटांच्या वाळवणाखालून वार्ताहरांना आत यावं लागायचं.

त्याला उभं केलं होतं पहिल्या बेसवर. ही जागा त्याच्या सवयीची नव्हती, आणि ती किती अवघड होती हे खेळ न बघणाऱ्याला कळणार नाही. विरुद्ध संघाचा जो कुणी चेंडू मारतो तो आधी पहिल्या बेसकडेच धावत येतो. तिथल्या क्षेत्ररक्षकाने एक पाय बेसला टेकवून चेंडू झेलायचा. धावणाऱ्याच्या बुटाला धातूचे खिळे. ज्यांना जॅकी तिथे नको होता ते सगळे, दर सामन्यात, खिळ्यांचे बूट घालून पळत त्याच्याच अंगावर येत होते. त्याचा पाय मात्र बेसवर टेकलेलाच हवा. ऑगस्टमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा एनोस स्लॉटर खरोखरच त्याच्या पायावर खिळे रोवून गेला.

पहिला आठवडा बरा गेला. २२ एप्रिलला फिलाडेल्फिया फिलीज संघ ब्रुकलिनला आला. त्यांचे मॅनेजर बेन चॅपमन आणि काही खेळाडू बाकावरून जॅकीला शिव्या घालू लागले. वर्णावरून, घरच्यांवरून, तोंडाला येईल ते. खेळात चिडवाचिडवी चालायची, पण हे त्या काळच्या प्रेक्षकांनाही जड गेलं. जॅकीने नंतर कबूल केलं, की त्या दिवशी बॅट फेकून त्यांच्यातल्या एकाला तरी ठोकावं आणि करार गेला खड्ड्यात म्हणावं, इतका तो तुटायला आला होता. त्याने तसं केलं नाही. ०-० वर अडलेल्या सामन्यात आठव्या डावात तो फटका मारून पहिल्या बेसवर पोचला, मग त्याने दुसरा बेस चोरला. त्याला बाद करण्यासाठी घाईने केलेली फेक भरकटली, तेवढ्यात तो तिसऱ्यावर. पुढच्या एकाच्या फटक्यावर घरी. १-० ने सामना खिशात. तोंड आणि हात करारात बांधलेले होते, पाय मोकळे होते.

या मालिकेचा दुसरा परिणाम असा झाला, की जॅकीच्या संघातलीच माणसं तापली. एडी स्टँकी सुरुवातीला त्याच्या विरोधात होता. तोच फिलीजच्या बाकाकडे बघून ओरडला, की उत्तर देऊ शकणाऱ्याला शिव्या देऊन बघा. स्टँकी एका दिवसात सुधारला असं काही मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाला बांधून मारतायत, एवढं त्याला दिसलं.

त्याच सुमारास जॅकीचा खेळ घसरला. सलग वीस वेळा बॅटिंगला येऊन एकही फटका नाही. त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला घ्या, असं म्हणणारे होतेच. शॉटन यांनी त्याला काढलं नाही. धमक्यांची पत्रं येत होती, त्याला आणि त्याच्या बायकामुलाला मारण्याची. मे महिन्यात संघ फिलाडेल्फियाला गेला तर नेहमीच्या हॉटेलने सगळ्या संघालाच खोल्या नाकारल्या. ९ मे ला न्यूयॉर्कच्या हेरल्ड ट्रिब्यून वर्तमानपत्रात बातमी आली, की कार्डिनल्सचे खेळाडू जॅकीविरुद्ध संप करायच्या विचारात होते. खेळाडूंनी इन्कार केला. पण लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी जो संप करेल तो निलंबित होईल, मग निम्मी लीग बंद पडली तरी चालेल, अशी भूमिका घेतल्याचं त्या बातमीत होतं. त्याच दिवशी फिलाडेल्फियात जॅकीला चॅपमनबरोबर फोटोला उभं राहावं लागलं. चॅपमनवर टीका होत होती, त्याची अब्रू सावरायची होती, आणि त्यासाठी शिव्या खाल्लेल्या माणसाने हसून उभं राहायचं! दोघांनी हात मिळवले नाहीत. एका बॅटची दोन टोकं धरून फोटो काढला. वर्गात भांडण झालं की आपण दोघांनाही हात मिळवायला लावतो आणि मिटलं म्हणतो, तेव्हा तो फोटो मला आठवतो.

पी वी रीसने भर मैदानात जॅकीच्या खांद्यावर हात टाकला आणि प्रेक्षक गप्प झाले, ही गोष्ट तुम्ही मुलांच्या पुस्तकांत किंवा सिनेमात बघितली असेल. ब्रुकलिनमध्ये तिचा पुतळाही आहे. मात्र ती १९४७ मध्ये सिनसिनाटीला घडली की पुढच्या वर्षी बोस्टनला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रीस आणि जॅकी यांची मैत्री पक्की होती, याबद्दल वाद नाही. मी मुलांना सांगताना तारीख सांगत नाही.

जूनपासून चित्र पालटलं. सलग २१ सामन्यांत जॅकीने किमान एक तरी यशस्वी फटका मारला. तो बेसवर उभा राहिला की पुढे-मागे असा नाचायचा, की पिचरचं लक्ष बॅटरवर राहायचंच नाही. डॉजर्स जिथे जातील तिथे मैदानं भरू लागली. घरच्या मैदानावर त्या वर्षी १८ लाखांहून अधिक तिकिटं खपली. ५ जुलैला क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेतलं आणि दुसऱ्या लीगचंही दार उघडलं. ऑगस्टमध्ये डॉजर्सकडेच डॅन बँकहेड आला, मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पिचर.

हंगाम संपला तेव्हा डॉजर्स ९४ सामने जिंकून आणि ६० हरून आपल्या लीगमध्ये पहिले आले, कार्डिनल्सच्या पाच सामन्यांनी पुढे. जॅकी १५१ सामने खेळला. सरासरी ०.२९७, १७५ फटके, १२ होमरन, १२५ रन आणि २९ चोरलेले बेस, जे त्या लीगमध्ये सर्वांत जास्त होते. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान त्याला मिळाला. आज त्या पुरस्काराला त्याचंच नाव आहे. शेवटच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र न्यूयॉर्क यांकीजने डॉजर्सना ४-३ ने हरवलं. डिक्सी वॉकरला त्याच हिवाळ्यात पिट्सबर्गला पाठवून दिलं.

इथे गोष्ट थांबवायचा मोह होतो, पुस्तकं बहुधा थांबवतातच. पण कराराची मुदत संपली तेव्हा काय झालं, तेही मुलांना कळायला हवं. १९४९ च्या सुमारास रिकींनी त्याला मोकळं केलं. आता तो पंचांशी वाद घालू लागला, अंगावर येणाऱ्याला तसंच उत्तर देऊ लागला, वेगळी राहण्याची सोय करणाऱ्या हॉटेलांबद्दल उघड बोलू लागला. खेळ बिघडला का? उलट त्याच वर्षी ०.३४२ सरासरीने तो लीगचा अव्वल बॅटर आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पण काल त्याची वाहवा करणारे काही वार्ताहर आता त्याला उद्धट, कृतघ्न म्हणू लागले. गप्प बसलेला जॅकी सगळ्यांना आवडला होता.

१९५५ मध्ये डॉजर्सनी अखेर यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. १९५६ च्या शेवटी संघाने जॅकीला दुसरीकडे विकलं, तेव्हा त्याने खेळणंच सोडलं आणि न्यूयॉर्कच्या एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाला. १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या सभेत धीर धरा असं सांगितलं. जॅकी श्रोत्यांत होता. त्याने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून कळवलं, की आम्ही आजवर सर्वांत जास्त धीर धरलेली माणसं आहोत. हे लिहिण्याचा त्याच्याइतका अधिकार कुणाला होता? १९६३ मध्ये मुलांना घेऊन तो वॉशिंग्टनच्या मोर्चात गेला. हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची बँक उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. त्याचे सगळे निर्णय बरोबर होते असं नाही. १९६० मध्ये त्याने निक्सन यांचा प्रचार केला आणि नंतर त्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

घरात दुःख कमी नव्हतं. हॉटेलच्या खोलीतलं ते बाळ, जॅकी ज्युनिअर, मोठेपणी व्हिएतनामच्या युद्धात जखमी झालं, व्यसनात अडकलं, त्यातून बाहेर पडलं, दुसऱ्या व्यसनी मुलांना मदत करू लागलं, आणि १९७१ मध्ये चोविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेलं. जॅकीला मधुमेहाने पोखरलं होतं. केस पांढरे झाले, दृष्टी जवळजवळ गेली.

१५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. पंचवीस वर्षं झाली म्हणून. बोस्टन रेड सॉक्स या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९५९ उजाडवलं होतं. आता मात्र प्रत्येक संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते. मॅनेजर एकही नव्हता. आभाराचे दोन शब्द बोलून झाल्यावर जॅकीने तेच बोलून दाखवलं, की संघ चालवणाऱ्या जागेवर कृष्णवर्णीय माणूस दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ५३.

८ एप्रिल १९७५ ला क्लीव्हलँडमध्ये फ्रँक रॉबिन्सन मोठ्या लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर म्हणून मैदानात उतरला. आडनाव एकच, नातं काही नाही. त्या दिवशी मानाचा पहिला चेंडू टाकायला रेचल आली होती.